पिकअप

कोल्हापुरात नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "पिकअप कसा हाय?" ॲव्हरेज किती, हा दुसरा. केवढ्याला पडली, हा तिसरा, तोही जरा आवाज खाली आणून. गाडी बुलेट असो की कोटीची एसयूव्ही, प्रश्नांचा क्रम हाच. शाळेत ज्याला त्वरण म्हणून घोकलं आणि मासिकांत जे ॲक्सिलरेशन म्हणून छापून येतं, त्याचं आपल्याकडचं नाव पिकअप.

सध्या आमच्या नात्यात हा विषय जोरात आहे. थोरल्या चुलतभावाला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या दादाला, मोठी गाडी घ्यायची आहे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भट्टीसमोर तीस वर्षं घाम गाळलाय, घ्यावी की त्यानं! यादी गाळत गाळत दोन गाड्यांवर येऊन थांबली आहे. एक बीएमडब्ल्यू एक्स-५, त्यातली एक्सड्राइव्ह ३०डी. दुसरी मर्सिडीज जीएलई, त्यातली ३००डी. दोन्ही डिझेल, दोन्ही चारही चाकांना ताकद देणाऱ्या, दोन्ही कोटीच्या घरातल्या. एक चेन्नईत जोडली जाते, दुसरी आपल्या चाकणला. घरात सरळ दोन तट पडलेत. वहिनींना जीएलई आवडली आहे. पुतण्या मात्र एक्स-५ साठी हटून बसलाय, आणि त्याचं कारण एका आकड्यात मावतं.

शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला कंपनीच्या दाव्याप्रमाणे एक्स-५ ला ६.१ सेकंद लागतात. जीएलईला ६.९. फरक ०.८ सेकंदाचा, म्हणजे पाऊण सेकंद आणि वर किंचित. या पाऊण सेकंदावर गेले तीन रविवार चर्चा झडते आहे, म्हणून म्हटलं जरा बसून हिशोब मांडावा. गाड्यांचा मला नाद आहे हे नात्यातल्या सगळ्यांना ठाऊकच आहे. तेव्हा हे 'गाड्या काय करायच्यात' असं म्हणणाऱ्या माणसाचं लिहिणं नाही.

आधी फरक का पडतो ते बघू. एक्स-५ च्या बॉनेटखाली तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन आहे. २८६ हॉर्सपॉवर आणि ६५० न्यूटन मीटर टॉर्क. जीएलई ३००डी चं इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं. २६९ हॉर्सपॉवर आणि ५५० न्यूटन मीटर. हॉर्सपॉवरमध्ये तसा फार फरक नाही, पण टॉर्कमध्ये शंभराचा आहे. गाडी जागेवरून उठताना जो धक्का पाठीला बसतो तो टॉर्कमुळे. बैलजोडी माळावर सुटते तेव्हा पहिल्या उडीला जे बळ लागतं ना, ते समजा. म्हणजे पुतण्या म्हणतो ते खोटं नाही. एक्स-५ खरंच चपळ आहे, आणि सहा सिलिंडरचं ते इंजिन चालतंही लोण्यासारखं.

पण मग हाच निकष लावायचा तर पूर्ण लावूया. मर्सिडीजकडे जीएलई ४५०डी पण आहे, सहा सिलिंडरची, ७५० न्यूटन मीटरची. ती ५.६ सेकंदांत शंभर गाठते. लगेच एक्स-५ ३०डी मागे पडली! त्यावर बीएमडब्ल्यूवाले म्हणणार, आमची पेट्रोलवरची ४०आय बघा, ५.४ सेकंद. हा खेळ कुठंच संपत नाही. दर वेळी थोडे जास्त पैसे टाकले की सेकंदाचा एक तुकडा विकत मिळतो.

आता हा पाऊण सेकंद रस्त्यावर दिसतो कसा? ढोबळ गणित करून पाहिलं. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या आणि एकाच वेळी सोडल्या, तर एक्स-५ च्या काट्यानं शंभर गाठलं त्या क्षणी ती सुमारे ८५ मीटर गेलेली असेल आणि जीएलई सुमारे ७५ मीटर. म्हणजे दहा मीटरचं अंतर. या गाड्या पाच मीटरच्या आसपास लांब आहेत, म्हणजे दोन गाड्यांची लांबी. सरळ, कोरडा, मोकळा रस्ता आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवलेला, इतकं सगळं जमून आलं तर हे दोन गाड्यांचं अंतर पदरात पडतं. ताराराणी चौकात सिग्नल सुटला की पुढं दहा मीटरवर केएमटीची बस असते. तिच्या मागं जाऊन दोघीही उभ्याच राहणार.

बरं, हा आकडा मिळतो कसा तेही लक्षात घ्यायला पाहिजे. चाचणी घेणारे सपाट पट्टा शोधतात, जीपीएसवरचं यंत्र लावतात, गाडीत एखाद-दुसराच माणूस. आपल्याकडे मोठी गाडी निघते ती आक्का, मामा, त्यांची दोन नातवंडं, जोतिबाचा नारळ, परतीला गुळाच्या चार ढेपा आणि तांदळाचं पोतं घेऊन. चार-पाचशे किलो वाढले की ना ६.१ राहतं ना ६.९.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी काढत नाही. महिंद्राची एक्सईव्ही ९ई ही बॅटरीवरची गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला शंभर गाठायला कंपनी ६.८ सेकंद सांगते. जून २०२५ मध्ये टाटांची हॅरियर ईव्ही आली, तिच्या दोन मोटरवाल्या मॉडेलचा दावा ६.३ सेकंदांचा. दोन्ही तीस लाखांच्या घरातल्या. म्हणजे कोटभराच्या जर्मन गाडीइतकाच पिकअप आता तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत मिळतो. विजेच्या मोटरला टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो, टर्बो जागा व्हायची वाट बघावी लागत नाही. एके काळी सात सेकंदांत शंभर म्हणजे भल्याभल्या इंजिनिअरांची कसोटी असायची. आता ते काम मोटर आणि बॅटरी बिनबोभाट करून टाकतात. पिकअप हे ऐश्वर्याचं लक्षण राहिलंच नाही. उद्या रिक्षासुद्धा सिग्नलला कोटीच्या गाडीला मागं टाकायची. :)

यावर दादाचं म्हणणं रास्त आहे आणि ते मी टाळणार नाही. तो म्हणतो, "अरे, ओव्हरटेकला ताकद लागते. ताकद नसली की माणूस मधेच अडकतो." एकदम बरोबर. साठ-पासष्ट हॉर्सपॉवरच्या जुन्या डिझेल जीपमधून चढावर ट्रकला ओलांडताना जे देवाचं नाव घ्यावं लागायचं ते आमच्या पिढीनं घेतलंय. कमी ताकदीची गाडी सुरक्षित, असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण या दोन गाड्यांपुरता प्रश्न वेगळा आहे. दोन्हींत ताकद गरजेच्या कितीतरी पट आहे. मघाचंच ढोबळ गणित पुढं नेलं तर ४० वरून ८० ला जायला एक्स-५ ला अडीच सेकंद लागतात, जीएलईला पावणेतीन. फरक पाव-तीस शतांश सेकंदाचा. डोळा लवायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

आणि आपला ओव्हरटेक असतो कसा? गळीत हंगामात गगनबावड्याच्या रस्त्याला किंवा राधानगरी रोडला संध्याकाळी निघा. पुढं ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस चहूबाजूंनी बाहेर आलेला. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठी की तुमचा हॉर्न त्याच्या कानापर्यंत पोचायचा नाही. तो वीसच्या वेगानं चाललाय. तुम्ही साठनं त्याला ओलांडायचं ठरवलं तर पुढची-मागची मोकळी जागा धरून पाच सेकंद उजव्या बाजूला राहावं लागतं. त्या पाच सेकंदांत तुम्ही ८० मीटरच्या वर जाता. समोरून कुणी साठनंच येत असेल तर तोही तेवढाच पुढं येतो. म्हणजे किमान १६५ मीटर रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर ६.१ वाल्यानंही थांबायचं आणि ६.९ वाल्यानंही. आणि समोरून दिवे न लावता एखादी मोटरसायकल येत असेल, तर तिचा हिशोब तुमच्या टॉर्कमध्ये धरलेलाच नसतो.

म्हणून मी म्हणतो, आकडा उलटा वाचायला शिकूया. शून्य ते शंभर सगळ्यांना पाठ आहे. शंभर ते शून्य किती जणांना माहीत आहे?

चांगल्या टायरांवर, कोरड्या डांबरावर, करकचून ब्रेक दाबला तर अशी गाडी शंभरच्या वेगातून ४० मीटरच्या आसपास थांबते. त्याआधी समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात २८ मीटर संपतात. एकूण ६८. आता हीच गाडी १४० नं चालली आहे असं धरा. वेग दीडपटही झालेला नाही, पण ब्रेकचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं, ७८ मीटर. विचार करण्याच्या एका सेकंदात ३९ मीटर. एकूण ११७. आणि खरी अंगावर येणारी गोष्ट पुढंच आहे. शंभरवाली गाडी जिथं पूर्ण थांबली, नेमक्या त्या जागी १४० वाली गाडी अजून ११० च्या वेगात असते. ब्रेक पूर्ण दाबलेले असताना. हे गणित मी दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

दादा भट्टीवाला माणूस, त्याला उष्णतेच्या भाषेत सांगतो. सव्वादोन टनांची गाडी शंभरच्या वेगातून थांबवायची म्हणजे जेवढी ऊर्जा ब्रेकच्या चकत्यांमध्ये जाते, तेवढ्यात अडीच लिटर साधं पाणी उकळीला येईल. १४० वरून थांबवलं तर पाच लिटर. करूळ किंवा भुईबावडा घाट उतरताना दर वळणाला ब्रेक मारत राहिलं की हीच उष्णता थोडी थोडी साठत जाते. ती कमी करायचा जुना उपाय म्हणजे खालच्या गिअरवर उतरणं. ट्रकवाले तो इमानानं पाळतात. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांना गिअरच्या लिव्हरची आठवणच राहत नाही.

या गाड्यांचा एक गुण मला भीतीदायक वाटतो, तो म्हणजे शांतता. जुन्या गाडीत ऐंशी झाले की स्टिअरिंग थरथरायचं, दार खडखडायचं, आई मागून म्हणायची, "जरा हळू." गाडी स्वतःच तक्रार करायची. एक्स-५ किंवा जीएलईमध्ये १२० ला सुद्धा गाणं ऐकू येतं, मूल झोपलेलं असतं, चहाचा कप हलत नाही. वेग अंगाला कळतच नाही. पिकअप जितका चांगला तितका तो नकळत वाढतो. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याला कारची कमाल मर्यादा ताशी १०० आणि शहराबाहेरच्या इतर साध्या रस्त्यांना ७०. राज्य सरकार ती आणखी कमी ठेवू शकतं. या गाडीला सत्तर गाठायला तीन-चार सेकंद पुरतात. म्हणजे गगनबावडा रोडला कायद्यानं चालायचं तर तिची सगळी मर्दुमकी चौथ्या सेकंदाला संपते.

२०२२ साल आठवा. १४ ऑगस्टच्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विनायक मेटे गेले. तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. पहिली गाडी दणकट एसयूव्ही. दुसरी मर्सिडीज जीएलसी, म्हणजे जीएलईचीच धाकटी बहीण. त्या गाडीत पुढं बसलेले दोघं वाचले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावलेले नव्हते. एअरबॅग, मजबूत सांगाडा, सगळं होतं, पण एक पट्टा खांद्यावरून ओढायचा राहून गेला. मागच्या सीटवर बेल्ट लावणं तेव्हाही कायद्यानं बंधनकारकच होतं. आपल्याकडे लग्नाला जाताना मागं चौघं बसतात आणि बेल्टच्या चिमट्यांवर साडीची पिशवी ठेवलेली असते.

त्याच वर्षीचा देशाचा आकडा सांगतो, मग पुढं जातो. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. यातल्या ७१ टक्के मृत्यूंमागं अतिवेग असल्याची केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. गेलेल्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर दहांतले सहा जण अशा गाडीच्या आत नव्हतेच, रस्त्यावर उघडे होते. अमावास्येला आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाला माणसं रात्रभर पायी जातात. चैत्रात जोतिबाची वाट भाविकांनी भरलेली असते. सव्वादोन टनांच्या गाडीतल्या माणसाच्या रक्षणाला भरपूर एअरबॅग असतात. त्या वाटेवरच्या म्हातारीजवळ काठी आणि पिवळी पिशवी.

म्हणून मला पुतण्याची काळजी वाटते. पोरगं गुणी आहे, नुकतंच लायसन्स आलंय, आणि गाडी दादाच्या नावावर असली तरी रात्री दहानंतर ती कोण काढणार हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याची वेगाची हौस मला कळते. त्या वयात ती नसली तरच डॉक्टरकडे न्यावं! पण हौसेला जागा असते. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथं झालेल्या आहेत. तिथं हेल्मेट घालून, समोरून कुणी येत नाही अशा रस्त्यावर, घड्याळ लावून पळावं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीला सुद्धा २०१४ च्या बंदीनंतर सुप्रीम कोर्टाची वाट धरावी लागली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तीही नियम पाळायच्या अटीवर. बैलांच्या पळण्याला आपण नियम मानतो. मग कोटीच्या गाडीला रस्त्यावर नियम कशाला नको?

कोल्हापूरकरांना गाडीची श्रीमंती ओळखता येत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. दरवर्षी दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३० च्या दशकातली जर्मन गाडी. माणूस शेजारून चालत जाईल इतक्या हळू ती येते आणि गर्दी पाय उंचावून तिला बघते. मी लहानपणापासून हे बघत आलोय. त्या गर्दीत अजून तरी कुणी तिचा पिकअप विचारलेला ऐकला नाही.

तर माझं मत एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे ग्रुपवर पुढचा रविवार जरा शांत जाईल. पाऊण सेकंदासाठी एक्स-५ घेऊ नये. ती घ्यायला दुसरी कारणं आहेत, इंजिन गोड आहे आणि वळणावर हातात चांगली बसते. जीएलई घ्यायलाही आहेत, मागची सीट ऐसपैस आणि वहिनींच्या गुडघ्यांना चढउतार सोपा. टेस्ट ड्राइव्हला दादानं अर्धा वेळ मागं बसावं. शोरूमच्या पोरानं ॲक्सिलरेटर दाबून दाखवला की त्याला म्हणावं, आता ब्रेक दाबून दाखव. टायरचा संच केवढ्याला आणि किती किलोमीटर टिकतो, वर्कशॉप किती लांब, रात्री समोर डिपर न देणारा ट्रक आला तर हेडलाईट काय करतात, हे विचारावं. आणि मागच्या तिन्ही सीटचे बेल्ट आक्कांना एका हातानं लावता येतात का, ते तिथंच बसवून बघावं.

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर सेकंदात नाही. पण पेढे वाटताना पहिला प्रश्न पिकअपचाच येणार, हेही मला माहीत आहे. तेव्हा विचारणाऱ्याला सरळ सांगावं, "अठ्ठावीस आणि चाळीस, अडुसष्ट मीटरात थांबते." दोन मिनिटं त्याला काही कळणार नाही. मग तोच विचारेल, म्हणजे काय? तिथून पुढं बोलायला मी आहेच.